मूठ घेणाऱ्याकडे

सोमवार, ३ मार्च

मिरे,

डोक्यावर माझा हात आहे असं समज आणि मग पुढे वाच.

तुझं पत्र आलं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता म्हणून नुसतं बघितलं, ते धरलं तर चारदा. आठ महिने कांदे सोललेस, आता पंधरा तारखेपासून तुला कापायच्या टेबलाशी उभं करणार, आणि तिथे ज्याने त्याने आपली सुरी आपण आणायची असा तुमच्या मोठ्या आचाऱ्याचा नियम. हे वाचता वाचता माझं दूध उतू गेलं. गेलं तर गेलं. शेगडी पुसतानासुद्धा हसत होते.

आणि खाली एवढ्याशा अक्षरात काय लिहिलंस? 'आजोबांची सुरी मिळेल का?' बारीक लिहिलं म्हणजे बापाला दिसणार नाही, असं वाटलं का तुला? अगं, तो तुझी पत्रं वाचत नाही. माझ्या उशाखाली असतात. खोली झाडताना उचलतो, उशी झटकतो, पुन्हा होती तशी ठेवतो. तुझं नाव मात्र काढत नाही. टपालाची परीक्षा सोडून तू परक्या शहरात स्वयंपाकघरात गेलीस, हे त्याला फार लागलंय. तू गेलीस त्या दिवशी एकदाच बोलला. "बाबा धारेचं चाक खांद्यावर घेऊन दारोदार फिरले. मी टपालात लागलो म्हणून हे घर वर आलं. आणि ही पुन्हा सुरीवरच गेली." मग आजोबांची सुरी फडक्यात गुंडाळून कपाटावर टाकली. या घरातून त्या धंद्याची एक वस्तू तिच्याकडे जाणार नाही, म्हणाला.

तर ती आज गेली.

काल तो बाजारात गेला तेव्हा स्टुलावर चढले. या वयात स्टुलावर चढायचं नसतं, पण या वयात कुणी काही मागतही नाही गं. तू मागितलंस. फडकं सोडलं तर पातं काळवंडलेलं, धार गेलेली. अशी कशी पाठवू? तुझे आजोबा म्हणायचे, बोथट सुरी देणं म्हणजे उष्टं ताट वाढणं. मागच्या पायरीवर धारेचा दगड घेऊन बसले. चाळीस वर्षं त्यांचं चाक फिरवलंय मी, चाकावर पाणी सोडलंय, शाळेत गेले नाही, अक्षरं तुझ्या बापाच्या पाटीवरून शिकले आणि हे चाकावर. अडीच तास लागले. मनगटावरचा केस अलगद निघाला तेव्हा उठले.

मग वाटेत गंजू नये म्हणून फडकं तेलात भिजवून पात्याला गुंडाळलं, आपल्याकडून सुरी जायची ती तशीच. त्यावर तुझी जुनी उशीची खोळ, फुलांची. मग बुटांचं खोकं, कागद, सुतळी. कोपऱ्यावरच्या टपालात सगळे तुझ्या बापाला ओळखतात, म्हणून बाजारातल्या टपालात गेले. खिडकीवरच्या बाईने विचारलं, "आजी, आत काय?" मी म्हटलं, "उशीची खोळ आहे." खोटं नाही बोलले, अर्धं बोलले. तिने वर 'कपडे' लिहिलं.

हातात देता आली असती तर बरं झालं असतं. आजोबांचा नियम तुला माहीत आहे, सुरी देताना मूठ घेणाऱ्याकडे, टोक आपल्याकडे. टपालाला कुठली आली मूठ आणि कुठलं टोक. पोहोचली की लगेच कळव.

तुझी आजी


बुधवार, ५ मार्च

मिरे,

सुरी आली का? एवढ्यात कुठली येणार, मला कळतं, तरी विचारते. काल दिवसभर मनात तुझं ते टेबल मांडत होते. खिडकी आहे का गं जवळ? उजेड डावीकडून येईल अशी उभी राहा.

इकडे एक झालं. तुझ्या बापाचा हात कापला. काल दुपारीच घरी आला, उजव्या तळव्याला हे एवढं बँडेज. सात टाके. दोन बोटं लाकडी पट्टीला बांधलीत. म्हटलं काय रे हे? म्हणाला, "खोक्याची पत्र्याची पट्टी लागली." टपालाच्या थैल्या उपसायचं काम, तिथे कोण काय भरून पाठवेल सांगता येत नाही. लोकांना अक्कल नाही. मी त्या पाठवणाऱ्याला संध्याकाळपर्यंत शिव्या घातल्या. हा भिंतीकडे बघत बसला. मग मी घास भरवला. डाव्या हाताने खाताना सगळं दाढीला लावतो. पन्नाशीच्या मुलाला भरवायला मिळालं म्हणून मला मनातून जरा बरंच वाटलं, हे त्याला सांगू नकोस. सांगणार कशी, बोलता कुठे तुम्ही.

दुसरं असं. शेजारची शिंपीणबाई आली होती. ती शिवलेले कपडे गावोगाव टपालाने पाठवते, तिला त्यातलं कळतं. मी आनंदात तिला सांगून टाकलं, नातीला सुरी पाठवली म्हणून. ती सुईत दोरा ओवत होती, ती थांबलीच.

"सुरी? टपालाने? कशात?"

"बुटांच्या खोक्यात."

"आणि वर काय लिहिलंत?"

"कपडे."

"अहो आजी, पकडतात." असं म्हणाली आणि दोरा तोडला. "मी एकदा नुसती कात्री घातली होती, तर केवढं विचारलं मला. तुम्ही तर लपवून पाठवलीत."

पकडतात म्हणजे कुणाला, मला का तुला? घेणाऱ्यालाही पकडतात का? मी तिला विचारलं तर म्हणे, मला काय माहीत, मी वकील थोडीच. तू पार्सल घ्यायला एकटी जाऊ नकोस. बरोबर कुणीतरी मोठं माणूस ने. नाहीतर असं कर, आता जाऊच नकोस.

नाही, जा. मी आधी विचारून येते.

तुझी आजी


शुक्रवार, ७ मार्च

मिरे,

हे पत्र टाकू की नको, माझं ठरत नाही. टाकलं तर तुला मिळेल, म्हणजे टाकलं असं समज.

काल बाजारातल्या टपालात गेले. तीच बाई खिडकीवर होती. मी म्हटलं, "बाई, समजा एखादीला सुरी पाठवायची असेल, स्वयंपाकाची, तर चालतं का?"

"चालतं की."

माझा जीव एवढा हलका झाला म्हणून सांगू. पण ती पुढे बोलतच होती. "स्वयंपाकाच्या सुरीला बंदी नाही आजी. पण आत सुरी आहे हे आम्हाला सांगायचं. टोकाला बूच लावायचं. पात्याच्या दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा, त्यावर चिकटपट्टी. मग कडक खोकं, आत कागद ठासून भरायचा, सुरी हलता कामा नये. आणि वर मोठ्या अक्षरात लिहायचं, धारदार वस्तू."

"आणि समजा त्या बाईने नुसतं तेलाचं फडकं गुंडाळलं असेल तर?"

"तेलाचं? तेलाने पुठ्ठा भिजून मऊ होतो. धार बाहेर येणार."

"आणि समजा वर कपडे लिहिलं असेल?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "आजी, कपडे लिहिलं की आमची माणसं ते थैलीत कोंबतात, वरून दाबतात. कपड्यांना कोण जपतं? सुरी लपवून कपडे म्हणून पाठवणं हा गुन्हा आहे. कुणाचा हात गेला तर पाठवणाऱ्यावर केस होते. कोण आहे ही बाई?"

मी म्हटलं, "आहे एक. मूर्ख आहे." मग विचारलं, त्या बाईला पार्सल परत मिळेल का? तर म्हणे, इथून त्याच दिवशी थैली जाते टपाल वेगळं करायच्या जागी. कुठल्या, विचारलं. ती म्हणाली, "गावात एकच आहे. सगळ्या खिडक्यांचं टपाल तिथेच येतं."

मिरे, तुझा बाप कामाला आहे तीच ही जागा. मला वाटलं होतं बाजारातल्या टपालाचं वेगळं असतं. बापापासून लपवायचं म्हणून मी मुद्दाम तिकडे गेले, आणि त्याच्याच हातात नेऊन दिलं.

घरी कशी आले ते आठवत नाही. सोमवारी मी पार्सल दिलं. मंगळवारी दुपारी तो बँडेज बांधून आला. पत्र्याने इतकं सरळ कापत नाही. चाळीस वर्षं धारेच्या धंद्यात काढलेल्या बाईला हे कळायला नको होतं का? मला कळलं नाही, कारण मी आनंदात होते.

ती दोन बोटं अजून वाकत नाहीत. काल तो पट्टी सोडून बघत होता, मी दाराआडून बघितलं. बोटांकडे बघायचा, डोळे मिटायचा, पुन्हा बघायचा. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. याच बोटांनी तो तुझी वेणी घालायला शिकला. पहिले सहा महिने तू शाळेत कशी दिसायचीस ते शेजारीपाजारी अजून सांगतात. त्या बोटांनी आता दोरी बांधता आली नाही तर त्याला कामावर कोण ठेवेल? आणि माझ्यामुळे. मी लावलेल्या धारेमुळे. बोथट राहू दिली असती तर नुसतं खरचटलं असतं.

दारावर कुणी वाजवलं की मी आधी फटीतून बघते. दूधवाला आला तरी बघते.

पार्सलावर पाठवणाऱ्याचं नाव लिहावंच लागलं होतं, बाईने सोडलंच नाही. माझं नाव, घराचा पत्ता, माझं वेडंवाकडं अक्षर. म्हणजे त्याने ते वाचलं असणार. म्हणजे मंगळवारपासून त्याला माहीत आहे. आणि तो माझ्यासमोर बसून पत्रा म्हणतो, आणि मी घास भरवते.

आजी


रविवार, ९ मार्च

मिरे,

दोन दिवस आम्ही एका खोलीत दोन चोरांसारखे राहिलो. तो मला काही विचारत नाही, मी त्याला. तो उठला की मी बसते, मी उठले की तो. काल त्याचा डावा बूट त्याला घालता येईना, नाडी बांधायला मी खाली बसले तर म्हणाला, "राहू दे." एवढंच. पण 'राहू दे'चे किती अर्थ होतात ते मी रात्री मोजत बसले.

घाबरलेलं माणूस फार कामं करतं. भांडी दोनदा घासली. पडदे धुतले, ते काही मळले नव्हते. शेवटी आज दुपारी जेवायला बसलो. त्याचं ताट मी वाढलं, माझं नाही वाढलं. त्याने माझ्या रिकाम्या ताटाकडे बघितलं.

"आई, धार कुणी लावली?"

माझ्या हातातली पळी खाली पडली. म्हटलं, "मी."

"कधी?"

"मागच्या रविवारी. तू बाजारात गेलास तेव्हा."

"स्टुलावर चढलीस?"

"चढले."

तो डाव्या हाताने घास गोळा करत राहिला. मला वाटलं आता ताट भिरकावतो. तसं तो कधी करत नाही, पण त्याचा हात तरी कुठे कधी कापला होता.

"चांगली लावलीस," म्हणाला. "बाबांपेक्षा बरी. लागलं तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. थैली दाबून उचलली, तर हात ओला लागला. वाटलं कुणाची तेलाची बाटली फुटली. बघितलं तर लाल."

मी रडायला लागले. तो म्हणाला, "रडू नको, भाजीत पडेल." लहानपणी मीच त्याला असं म्हणायचे.

"मग पत्रा का म्हणालास?"

"काय म्हणायला हवं होतं? आईने कापलं?"

"ऑफिसात काय सांगितलंस?"

"झालं ते. तिथे खोटं कसं बोलणार? साहेबांच्या टेबलावरच तर उघडलं पार्सल. पाठवणारी कोण विचारलं, तर म्हटलं माझी आई." मग सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढला, चार घड्या घातलेला. "हा तुझ्या नावाने मंगळवारीच निघालाय. तू घाबरशील म्हणून दिला नाही. आता तू अशीही जेवत नाहीस, तर म्हटलं देऊन टाकावा."

कागदावर शिक्का आहे. पाठवणाऱ्याने येत्या मंगळवारी जातीने हजर राहायचं. न आल्यास पुढची कारवाई. 'कारवाई' हा शब्द मी बोट ठेवून वाचला, तीनदा.

"बोटांचं काय म्हणाले डॉक्टर?"

"शीर वाचली असावी म्हणाले. असावी. टाके काढल्यावर कळेल."

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. "ती सुरी कुणासाठी होती, वाचलंस ना?"

तो पाणी प्यायला. पेला ठेवला. "वाचणं माझं कामच आहे," म्हणाला आणि हात धुवायला उठला.

परवा जायचं आहे. त्यांनी मला आत ठेवलं तर शिंपीणबाईकडे किल्ली दिली आहे. तुझी पत्रं उशाखाली आहेत, ती तिला काढून ठेवायला सांगितली आहेत.

आजी


मंगळवार, ११ मार्च

मिरे,

घरीच आहे. हे आधी लिहिते, म्हणजे तू श्वास सोडशील.

सकाळी गेलो. मी चांगलं लुगडं नेसले होते. टपाल वेगळं करायची ती जागा केवढी मोठी आहे गं. उंच छप्पर, थैल्यांचे डोंगर, आणि माणसं भराभर हातांनी उचलतात, फेकतात, दाबतात. नुसते हात. मी एकेकाच्या हाताकडे बघत चालले होते. हा कापला असता, नाहीतर तो. एक जण शेजारच्याला म्हणाला, "ही ती सुरीवाली आजी." मी मान खाली घातली.

साहेबांच्या टेबलावर माझं खोकं होतं. एक कोपरा तेलाने काळा, आणि त्यातून बोटभर पातं बाहेर. फुलांच्या खोळीवर डाग पडला होता, वाळून तपकिरी झालेला. मी न विचारताच खुर्चीत बसले.

साहेब तुझ्या बापापेक्षा लहान असेल. "वर काय लिहिलंय आजी?"

"कपडे."

"आणि आत?"

"सुरी."

"का?"

मी मनात पुष्कळ जुळवून नेलं होतं, त्यातलं एक आठवेना. म्हटलं, "नातीने मागितली. फार दिवसांनी काहीतरी मागितलं."

त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "हात दुसऱ्या कुणाचा असता तर तुम्ही आज या खुर्चीत नसता. यांनी तक्रार नाही असं लिहून दिलंय." तुझ्या बापाने डाव्या हाताने केलेली सही मी बघितली. लहानपणी पाटीवर काढायचा तशी. मलाही एका कागदावर सही करायला लावली, पुन्हा असं करणार नाही म्हणून. केली. पुन्हा करायला माझ्याकडे दुसरी सुरी कुठे आहे.

मग साहेब म्हणाला, "ही आता घरी न्या, नाहीतर इथे माझ्यासमोर नीट बांधा. सांगून, लिहून पाठवलीत तर जाईल."

मी सुरी उचलायला गेले. घरी नेऊ, कपाटावर ठेवू, संपलं एकदाचं. तुझ्याकडे जाऊन तिने तुझं बोट घेतलं तर? सगळा आनंद गेला होता गं माझा, नुसती भीती उरली होती.

तुझा बाप म्हणाला, "पुठ्ठा आणा."

कुणीतरी जाड पुठ्ठा आणला. त्याला एका हाताने काही करता येईना, तर तो सांगत गेला आणि मी करत गेले. तेल पुसलं. टोकाला बूच. पात्याला दोन्हीकडून पुठ्ठा, वर चिकटपट्टी. "अजून एक वेढा. ओढून." मग मुठीसकट कोऱ्या कागदात. कडक खोकं. कोपऱ्यात कागद ठासला. "हलवून बघ." हलवलं. आत बारीकसं काही वाजलं. "उघड. पुन्हा." दोनदा उघडायला लावलं मला. सगळी माणसं हातातलं काम थांबवून बघत होती. तिसऱ्यांदा हलवलं तेव्हा काही वाजलं नाही. त्याने खोकं छातीशी धरून स्वतः हलवून बघितलं, कान लावून.

"आता लिही. स्वयंपाकाची सुरी. धार आहे. जपून."

लिहिलं. अक्षर वेडंवाकडं, पण वाचता येतं. मग तुझं नाव, तुझा पत्ता. पत्ता मला पाठ आहे, तरी तुझा बाप सांगत होता. घर क्रमांक, जिना, मजला, सगळं त्याला तोंडपाठ. पत्र वाचत नाही, पण माझ्या पत्रांवरचा पत्ता आठ महिने त्याच्या हातातून जातोय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पाठवणारी मी," असं म्हणून मी नाव लिहायला घेतलं.

"माझं लिही," म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं.

"तुझ्या नावाचं पार्सल आता सगळीकडे उघडून बघतील," असं म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. खरं असेल, नसेल. मी लिहिलं.

मग त्याने डाव्या हाताने पेन घेतलं आणि खोक्याच्या एका बाजूला बाण काढला. वाकडा, पण जाड. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाला, "उघडताना कळायला. मूठ तिच्या बाजूला आहे."

शुक्रवारपर्यंत पोहोचेल म्हणतात. बाणाच्या बाजूने उघड, घाई करू नकोस. टाके परवा काढणार. मला अजून धडकी भरते, तो झोपला की मी त्याची बोटं बघते, झोपेत तरी वाकतात का.

आणि पोहोचली की पोच लिही. मला नको लिहूस. पोच पाठवणाऱ्याला लिहायची असते.

तुझी आजी